पाहुणा, यजमान आणि सामानाची यादी



आजचा विषय तत्त्वज्ञानाचा की प्रवासाचा, असं आयोजकांनी आम्हाला विचारलं होतं. आम्ही म्हटलं, दोन्हींचा. आमच्या नगरच्या मंडळीतले काही सभासद येत्या जुलैत केनियाला जाणार आहेत. पश्चिमेकडे, किसुमूच्या बाजूला एक खेडं आहे, तिथल्या मंडळीकडे बारा दिवस सेवाकार्यासाठी. तयारीसाठी समिती नेमली आणि वयाचा मान म्हणून आम्हालाही तिच्यात घेतलं.

पहिल्या बैठकीत अर्ध्या तासात दोन पानं भरली. काय? तर सामानाची यादी. जुने कपडे, वह्या, पेन्सिली, गोळ्या-औषधं, खेळणी. सगळे उत्साहात होते. पण "त्यांनी काय मागितलंय?" हा प्रश्न एकानंही विचारला नाही. आम्हीही नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला तो घरी जेवताना सुचला, हे इथे कबूल करतो.

हा प्रश्न आम्हाला टोचण्याचं कारण जुनं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही याच गावी गेलो होतो, जानेवारीत. शाळेतल्या प्रत्येक मुलाला वह्यांचा गठ्ठा दिला. फोटो काढले, गाणी झाली, डोळे भरून आले. पुढच्या वर्षी तिथल्या पाळकांचं पत्र आलं. फार सभ्य पत्र. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. शाळेसमोरच्या दुकानदारानं कर्ज काढून वर्षाच्या वह्या भरून ठेवल्या होत्या. त्या तशाच पडून राहिल्या. हाच माणूस एरवी पालकांना उधारीवर वह्या देत असे. त्यानं उधारी बंद केली. आमच्या वह्या चार महिन्यांत संपल्या, उधारी मात्र कायमची गेली. आता सांगा, आमचा हेतू वाईट होता का? नव्हता. पण नुकसान हेतू विचारून होत नाही.

१९६८ साली इव्हान इलिच या विचारवंतानं नेमकं हेच बोलून दाखवलं होतं. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू. समोर बसलेले होते मेक्सिकोत सेवेसाठी निघालेले अमेरिकन विद्यार्थी. पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या भाषणाचा सूर होता. अनेकांना ते कठोर वाटलं. आम्हालाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. त्या पत्रानंतर पुन्हा वाचलं, तेव्हा कमी वाटलं.

पण मग जायचंच नाही का? इथे थोडं थांबू या. कांट म्हणजे कर्तव्यवादी, हेतूला सर्वस्व मानणारा, असं आपण वर्गात शिकवतो. त्याच कांटनं १७९७ च्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात परोपकाराबद्दल एक बारीक मुद्दा मांडलाय. दुसऱ्याचं भलं करताना सुखाची कल्पना त्याची धरायची, माझी नाही. लहान मूल किंवा भान हरपलेला माणूस असेल तरच मी त्याच्या वतीनं ठरवायचं. म्हणजे न विचारता दिलं, तर समोरच्या प्रौढ माणसाला आम्ही मूल ठरवतो. गठ्ठा कितीही मोठा असो, त्यात हा अपमान असतोच.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या. चर्चमध्ये न जाणाऱ्यांनाही ती गोष्ट माहीत असते. वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाला तो उचलतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो. प्रवचन बहुधा इथे संपतं. पण गोष्ट पुढे आहे. तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, याची काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणतो, आणि आपल्या वाटेनं जातो. बघा, त्यानं स्वतः तिथे मुक्काम ठोकला नाही. जो कायम तिथेच असतो त्याच्या हाती काम दिलं, पैसे दिले आणि हिशेब पुरा करायचं वचन दिलं. आमच्या वह्यांच्या गोष्टीत उतारशाळेचा मालक कोण होता? तो दुकानदार. त्याच्याकडेच वह्या विकत घेतल्या असत्या, तर तोही तरला असता आणि मुलंही.

आता तयारीचं. हे आम्ही भरभर सांगतो, पण लिहून घ्या.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं. ते नसेल तर केनियाहून परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. साठी उलटलेल्यांना पहिल्यांदाच लस घेताना धोका थोडा अधिक असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मलेरिया पुष्कळ. गोळ्या आणि मच्छरदाणी हवीच. मोठा पाऊस मार्च ते मे, म्हणून आम्ही जुलै धरला.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून कडक बंदी आहे. आमच्या मावशी लाडूसुद्धा तीन पिशव्यांत गुंडाळतात. त्यांना हे लेखी कळवलं आहे. जुने कपडे नेऊच नका. परदेशातून गाठोड्यांनी येणारे वापरलेले कपडे तिथे बाजारात ढिगानं मिळतात, त्यांना 'मितुंबा' म्हणतात. त्यावर हजारो विक्रेत्यांचं पोट आहे.

डॉक्टर सोबत असले तरी इथलं प्रमाणपत्र तिथे आपोआप चालत नाही, तिथल्या वैद्यक परिषदेची परवानगी काढावी लागते. पर्यटक म्हणून जाऊन काम करता येईल असं गृहीत धरू नका, अगदी बिनपगारी कामही. आणि पैसा. इथल्या धर्मादाय न्यासाचा पैसा भारताबाहेर खर्च केला की आयकराच्या सवलतीचा प्रश्न उभा राहतो, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. दानपेटी उघडून पाकिटात घालून निघालो, असं चालत नाही.

मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आपल्या नातवाचा फोटो अनोळखी पाहुण्यानं काढून जगाला दाखवला तर चालेल का? तेवढी एक कसोटी पुरे.

नगरकरांना एक आठवण द्यायला हवी. आपण स्वतः कधीकाळी 'तिकडचे' होतो. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली, पुढे नगरला आली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरातच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. मिशनऱ्यांच्या कामाबद्दल मतभेद आहेत आणि असावेत. पण बाईंनी चौतीस वर्षं दिली. आम्ही बारा दिवस देतो आहोत. बारा दिवसांत शिकवणं होत नाही, फार तर शिकणं होतं.

तर शेवटी आम्ही काय केलं? यादी बाजूला ठेवली आणि पाळकांना पत्र लिहिलं: तुम्हाला काय हवं? उत्तरात दोनच गोष्टी होत्या. एक, कृपा करून वह्या आणू नका. दोन, तुमच्याकडे बायकांचे बचत गट आहेत असं ऐकतो. आमच्याकडेही आहेत, 'चामा' म्हणतात. आमच्या बायकांना तुमच्या बायकांशी बोलायचंय. थकलेलं कर्ज तुम्ही कसं वसूल करता, हे त्यांना विचारायचंय.

समितीत शांतता पसरली. सोळा जणांची नावं ठरली होती, त्यांतल्या एकीचाही बचत गटाशी संबंध नव्हता. तरुण संघाच्या एका मुलानं आगाऊ पैसे भरले होते, तो चिडला, आणि त्याचं चिडणं आम्हाला समजतं. आता पाच जण जातील. त्यांतल्या तिघी गटातल्या आहेत. त्या विमानात कधी बसलेल्या नाहीत, पासपोर्ट आता निघतायत. उरलेल्यांपैकी ज्यांची इच्छा आहे ते तिकिटाचे पैसे वैयक्तिक देणगी म्हणून पाठवतील. ते कशावर खर्च करायचे हे तिथली मंडळी ठरवेल, आणि त्या दुकानदाराचं नाव आम्ही पत्रात घातलं आहे.

सोळांत आमचंही नाव होतं. ते आम्ही काढून घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण यजमानानं ज्याला बोलावलंय त्यानंच जायचं असतं. त्या तिघींपैकी एकीनं परवा विचारलं, "सर, तिथं गेल्यावर पहिलं काय बोलायचं?" आम्ही म्हटलं, आधी त्यांचं ऐका, आणि थकबाकीवर त्यांचा काय उपाय आहे तेही लिहून आणा. आपल्यालाही हवाय.