आंबोलीचा सडा वाचला, तरच हा बेडूक वाचेल

सावंतवाडी : पाऊस लागला की आंबोलीच्या सड्यावर जागोजागी उथळ डबकी साचतात. 'आंबोली टोड' हा अंगठ्याएवढा बेडूक त्यातच अंडी घालतो. 2009 मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदलेला हा बेडूक आज जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. पाणी आटण्याआधी पिल्लांची वाढ पूर्ण व्हावी लागते. डबक्यातून एक गाडी गेली तरी अंडी चिरडतात. चिरेखाण आली तर डबकंच उरत नाही.

मग करायचं काय? सड्यावर गाडी नेऊ नका, डबक्यात पाय घालू नका, कचरा टाकू नका. पावसाळी रात्री गाडी हळू हाका. पर्यटकांनाही सांगा. सडा उघडाबोडका दिसला तरी तो पडीक नाही.