मोहर्लीच्या उन्हात रिमोटचं हेलिकॉप्टर

सुट्टीत मुलांना बॅटरीवरचं रिमोट हेलिकॉप्टर नेमकं भर दुपारीच उडवायचं असतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सुमारे १० टक्के विरळ. तेवढंच वजन उचलायला पात्यांना जास्त जोर लागतो, मोटर जास्त करंट ओढते अन् लिथियम-पॉलिमर बॅटरी तापते. ६० अंशांपुढे ती खराब होऊ लागते. उतरवल्यावर बॅटरी सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, मगच चार्जिंग. फुगलेली बॅटरी चार्जरला लावूच नका, पेट घेऊ शकते. असरनंतर, थोडा थोडा वेळ उडवा. आणि मोहर्ली म्हणजे ताडोबाचं दार. जंगलाच्या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय नकोच.