पुरावा आपल्या जिल्ह्याचा, तपासणी आपल्या वस्तीत कधी?

नळदुर्ग म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, बोरी नदी आठवते, पावसाळ्यातला नर-मादी धबधबा आठवतो. कॅन्सरवर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना मात्र आपला धाराशिव जिल्हा दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, ज्याला आपल्या बायका ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो वेळेआधी हुडकून मरण टाळता येतं का, या प्रश्नाचं मोठं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायकांमुळे जगाला मिळालं. पण आज आम्ही वस्तीत फिरतो, तपासणीचं विचारतो, तेव्हा दहापैकी नऊ घरांत उत्तर येतं, “कसली तपासणी? आम्हाला तर काही त्रास नाही.” आयाबहिणींनो, त्रास नसतानाच करायची ही तपासणी आहे. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान तिच्यासाठी.

आपल्या जिल्ह्यात काय घडलं?

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या. त्यांचे चार भाग केले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्या भागात पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन दुर्बिणीखाली पाहणं. तिसऱ्या भागात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, जिला दवाखान्यात ‘व्हीआयए’ म्हणतात. चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी केली नाही, त्यांना नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. तपासणीत दोष निघालेल्या बायकांवर उपचार झाले आणि पुढची आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं गेलं.

निकाल २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी गेल्या. म्हणजे मरणाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढच्या टप्प्याला गेलेला कॅन्सर पहिल्या गटात ८२ जणींना, तर दुसऱ्या गटात ३९ जणींना निघाला. आणि ही तपासणी त्या बायकांची एकदाच केलेली होती. एकदाच केलेल्या पॅप किंवा व्हीआयए तपासणीने मात्र मरणात ठळक फरक पडलेला दिसला नाही.

या आकड्यांमागे एक अवघड प्रश्नही आहे. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे डॉक्टरांमध्येच मोठा वाद झाला. तो वाद आम्ही बाजूला सारत नाही. त्या ६४ जणी कुणाच्या तरी आया होत्या, आपल्याच जिल्ह्यातल्या होत्या. त्यांच्या मरणातून जे ज्ञान जगाला मिळालं, त्यावर पहिला हक्क आपल्या जिल्ह्यातल्या गरीब बायकांचा आहे. आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना सांगते की बाईची एचपीव्हीसारखी चांगली तपासणी वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा व्हावी. आपल्या देशात काय स्थिती आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीसुद्धा या कॅन्सरची तपासणी कधी झालेली नव्हती. दरवर्षी देशात सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पंचाहत्तर हजारांहून जास्त बायका त्याने मरतात.

हा रोग होतो कसा?

या कॅन्सरचं मुख्य कारण एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. तो शरीरसंबंधातून येतो. लग्न झालेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो. म्हणून विषाणू निघाला याचा अर्थ बाई वाईट चालीची असा मुळीच नाही. हे सासरच्यांनीही ध्यानात ठेवावं. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींत तो तसाच मुक्काम ठोकतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवतो आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथे कॅन्सर होतो. ही दहा-पंधरा वर्षं म्हणजेच आपल्या हातातला वेळ. या काळात बाईला काहीही दुखत नाही, पण तपासणीत बिघाड दिसतो आणि तो कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतो.

धोका कुणाला जास्त? कोवळ्या वयात लग्न झालं आणि लवकर बाळंतपणं आली तिला. ज्यांची बाळंतपणं जास्त झाली त्यांना. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायकांना. एचआयव्ही असलेल्या बायकांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो, त्यांनी एआरटी केंद्रात या तपासणीचं आवर्जून विचारावं. नवऱ्याचे बाहेर संबंध असतील तर विषाणू घरात येतो, त्यात बाईचा काही दोष नसतो. पण यातलं एकही कारण नसलं तरी तपासणी करायचीच, कारण विषाणू कुणालाही गाठू शकतो. हा रोग करणीने होत नाही, बाहेरचं लागून होत नाही. अंगारा-धुपाऱ्यात गेलेले सहा महिने पुढे उपचारात भरून निघत नाहीत.

तपासणीत नेमकं काय करतात?

अनेकजणींना भीती रोगापेक्षा तपासणीची जास्त वाटते, म्हणून नीट सांगतो. पडद्याआड टेबलावर झोपवतात. अंगात एक साधन हळुवार घालून पिशवीचं तोंड पाहतात. व्हीआयए असेल तर कापसाने पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघाड असेल तर तिथे पांढरा चट्टा उमटतो. थोडी चुणचुण होते, बाकी काही नाही. भूल नाही, टाका नाही, रक्त काढणं नाही. पाच-दहा मिनिटांत बाई उठून घरी जाते. एचपीव्ही तपासणीत नुसता ब्रशने नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. हा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलं आहे. लाजेपायी टेबलावर न झोपणाऱ्या आपल्या बायकांसाठी हा मोठाच मार्ग आहे.

बिघाड निघाला म्हणजे कॅन्सर झाला असं समजू नका. बहुतेकदा ती कॅन्सरच्या आधीची अवस्था असते. तो भाग गोठवून किंवा जाळून काढतात, बाई त्याच दिवशी घरी येते आणि पिशवी शाबूत राहते.

सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी आरोग्य केंद्रात मोफत व्हायला हवी, असं लिहिलेलं आहे. तोंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरची तपासणीही त्याच भेटीत व्हायची असते. काहीजणी विचारतील, आपल्याच जिल्ह्यात एकदा केलेल्या व्हीआयएचा उपयोग दिसला नाही, मग ती करायची कशाला? याचं उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मिळालं. तिथे टाटा मेमोरियलने दीड लाखाच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी अर्ध्या बायकांची व्हीआयए तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. त्यांच्यात मरणाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. तेव्हा एचपीव्ही तपासणी मिळाली तर सगळ्यात चांगलं. ती मिळत नसेल तर व्हीआयए करा, पण ती पुन्हा पुन्हा करत राहा. एकदा करून विसरायची ती नव्हे.

भीती दाखवून पिशवी काढणारे

“अंगावरून पांढरं जातंय? पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” हे वाक्य आमच्या कानांवर किती वेळा आलं, त्याची गणती नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरातल्या सोळा-सतरा जणी. पाळीत फडात काम करता येत नाही, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, त्यात कॅन्सरची भीती घातली की बाई कर्ज काढून ऑपरेशनला तयार होते. आपल्या तालुक्यातूनही कोयते घेऊन माणसं जातात, तेव्हा हे दुसऱ्याचं दुखणं नाही.

अंगावरून पांढरं जाण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात, गोळ्यांनी बरी होणारी असतात. कॅन्सरची खरंच शंका असेल तर आधी तपासणी हवी, कागदावर निदान हवं. तपासणी न करता कुणी पिशवी काढायला सांगितली तर त्या टेबलावरून उठा. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्या. कमी वयात पिशवी गेली, सोबत अंडाशयही काढले, की कंबर धरते, हाडं ठिसूळ होतात, आणि मजुरीवर जगणाऱ्या बाईला ते परवडत नाही. तपासणी ही कॅन्सरपासून वाचवते तशी नको त्या ऑपरेशनपासूनही वाचवते.

बोलल्याने काय होतं?

बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके तिच्यात आहेत. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून बायकांशी लक्षणांबद्दल बोलत राहिले. काही वर्षांत असं दिसलं की बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. मोठं यंत्र नव्हतं, नुसतं घरोघर जाऊन बोलणं होतं. हे काम आपल्या विहारातलं महिला मंडळ करू शकतं. वर्षावासात आपण दर आठवड्याला जमतोच. वंदना झाल्यावर पंधरा मिनिटं या विषयाला द्या.

काय करायचं?

● ३० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बाईने आशाताईला विचारावं, “व्हीआयए तपासणी कोणत्या दिवशी आहे?” एकटीने लाज वाटत असेल तर पाचजणी मिळून जा. पाळी संपल्यावर जा.

● पाळी नसताना रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. इथे सोय नसेल तर सोलापूरचं सिव्हिल आपल्याला जवळ आहे, धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे.

● दवाखान्यात जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. आरोग्यमित्राला भेटल्याशिवाय पैसे भरू नका.

● ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. आरोग्य केंद्रात तिची चौकशी करा. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच.

● मुलीचं लग्न अठराच्या आत करू नका. मिश्रीची डबी बंद करा.

● पोटाच्या, म्हणजे जठराच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे अशी सरसकट तपासणी नाही. तिथे लक्षणांवरच लक्ष ठेवावं लागतं. भूक मरणं, वजन उतरणं, काळी शौच होणं, रक्ताची उलटी होणं असं असेल तर नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका.

पुरुष वाचकांनाही सांगणं आहे. तपासणीच्या दिवशी बायकोची हजेरी बुडेल, ती बुडू द्या. त्या दिवशी भाकरी तुम्ही थापा. एका दिवसाची मजुरी आणि कॅन्सरच्या उपचारासाठी विकावी लागणारी शेरडं, यांचा हिशोब कुठल्याही घराला कळतो.

शेवटची गोष्ट अर्जाची. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. बाईच्या आरोग्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, असं त्यांनी तेव्हाच मांडलं. त्याच वाटेने आपल्यालाही मागणी करायची आहे. प्रत्येक वस्तीच्या महिला मंडळाने आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा, त्यात तीन गोष्टी मागाव्यात. एक, व्हीआयए तपासणीचा महिन्यातला ठरलेला दिवस आणि त्या दिवशी महिला कर्मचारी. दोन, तपासणीला आडोसा आणि स्वच्छ टेबल. तीन, ज्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे एचपीव्ही तपासणीचं मोल जगाला कळलं, त्या जिल्ह्यात ती तपासणी मोफत. अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर तोच अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा.

आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. जी तपासणी आज मिळते ती आज करून घ्या.

जय भीम!