जुन्या जीपचे पुनरुज्जीवन : कौशल्य, कागदपत्रे आणि कायदा

‘गावात जीप आली’ असे कोणी म्हणताच शासनाचा कोणी अधिकारी आला, हे ग्रामीण महाराष्ट्रात न सांगता समजत असे, असा एक काळ होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि गटविकास अधिकाऱ्यांची जीप ही विकासकार्याची जणू खूणच ठरली. जेथे पक्का रस्ता नव्हता, तेथे पाटबंधाऱ्यांचे सर्वेक्षण, देवीची लस, निवडणुकीच्या मतपेट्या आणि दुष्काळी कामांची हजेरीपत्रके या वाहनाने पोहोचविली. तथापि हे वाहन मुळात यासाठी जन्माला आलेले नव्हते. त्याचा जन्म युद्धासाठी झाला होता.

आज अशा जुन्या जीपा हौसेने शोधल्या जातात, विकत घेतल्या जातात आणि दुरुस्त केल्या जातात. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात असे काम करणारे कुशल कारागीर पूर्वीपासून आहेत. परंतु उत्साहाच्या भरात केलेल्या दुरुस्तीमुळे ऐतिहासिक मोलाचे वाहन कायमचे नष्ट झाल्याची उदाहरणेही कमी नाहीत. म्हणूनच या कामाची शास्त्रीय आणि कायदेशीर बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

युद्धभूमीवरून माझगावपर्यंत

१९४० च्या मध्यास अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदविली. बँटम या लहानशा कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. ८० इंच व्हीलबेस, सुमारे ११०० किलोग्रॅम वजन, २.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि ६० अश्वशक्ती, असे या वाहनाचे साधे स्वरूप होते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. फाळणीनंतर याच छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर पाच’ ही तेथील पत्त्यांतील नावे आजही त्या लष्करी भूतकाळाची साक्ष देतात.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने विलीज कंपनीशी सहकार्य करून मुंबईत माझगाव येथे जीपची जोडणी सुरू केली. त्यानंतर जीपचे भागही क्रमाक्रमाने देशातच तयार होऊ लागले. भारतीय सेनेनेही जीप वापरली. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण क्षेत्रात असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या तोफेने शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त केले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. पुढे जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ पासून सुमारे तीस वर्षे ‘जोंगा’ हे सहा सिलिंडरचे वाहनही तयार होत होते. सेनेच्या सेवेतून निवृत्त झालेली अशी वाहने लिलावाने नागरिकांच्या हाती आली.

प्रथम ओळख, मग पाना

जीप हाती आली की प्रथम ती खोलण्याचा मोह होतो. अनुभवी मिस्त्री मात्र आधी ती वाचतो. युद्धकाळातील जीपच्या पत्र्याच्या जाळीस नऊ फटी असतात, तर युद्धोत्तर नागरी जीपला सात. विलीजच्या चासीचा पुढील आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा चौकोनी घडणीचा. फोर्डने आपल्या अनेक भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. उंच बॉनेटची जीप दिसली तर ती १९५३ नंतरच्या ‘सीजे-३बी’ या प्रकारची समजावी. महिंद्र कंपनीने दीर्घकाळ बांधली ती हीच.

या तपासणीचा हेतू केवळ जिज्ञासा हा नाही. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहिले पाहिजे. सेनेच्या लिलावातून आलेल्या वाहनाच्या बाबतीत विक्रीची मूळ कागदपत्रे हाच मालकीचा पहिला दुवा असतो. तो तुटलेला असल्यास उत्तम दुरुस्त झालेली जीपही रस्त्यावर आणता येत नाही. खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून ठेवावा आणि एकही जुना भाग काम पूर्ण होईपर्यंत भंगारात देऊ नये.

चासी आणि पत्रा

ठाण्याच्या खाडीकडील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे पत्र्याचे मोठे शत्रू आहेत. बॉडीच्या तळाखाली पत्र्याच्या आधारपट्ट्या असतात. युद्धकाळातील जीपमध्ये या पट्ट्यांच्या पोकळीत लाकूड बसविलेले असे. ते ओलावा धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकचकीत दिसला तरी तळाला टोकदार हत्याराने टोचून पाहिल्याशिवाय खरी स्थिती कळत नाही.

चासी सपाट जमिनीवर घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापे घ्यावीत. दोन्ही कर्ण समान नसतील तर चासी वाकलेली आहे असे समजावे. कुजलेला भाग तेवढाच कापून त्याच जाडीचा पत्रा सांधणे हा योग्य मार्ग होय. संपूर्ण बॉडी नवी बसविणे सोपे असते, परंतु मग मूळ वाहन किती उरले, हा प्रश्न निर्माण होतो.

इंजिनाचे अंतरंग

युद्धकाळातील जीपच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे हेड म्हणजे केवळ एक झाकण असते आणि दुरुस्ती सुलभ होते. पुढील ‘सीजे-३बी’मध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये नेण्यात आले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही उंच करावे लागले.

सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी होत नाही. पिस्टनची वरची रिंग जेथे थांबून परत फिरते, तेथे ती सर्वाधिक असते. बोअर गेजने माप घेऊन झीज मर्यादेत असल्यास नव्या रिंगांवर भागते. अन्यथा बोअर वाढवून मोठे पिस्टन किंवा स्लीव्ह बसवावी लागते. हे वाढविणे वीस, तीस, चाळीस ‘थाऊ’ अशा पायऱ्यांनी होते. एक ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्रँकही अशाच पायऱ्यांनी घासला जातो. प्रत्येक पायरी ही इंजिनाच्या आयुष्यातून केलेली वजाबाकी असल्याने पहिल्याच वेळी मोठी पायरी घेणे शहाणपणाचे नाही.

पेट्रोल महाग वाटू लागल्यावर अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले. त्या काळाच्या हिशेबाने तो निर्णय चुकीचा नव्हता. परंतु काढलेली मूळ इंजिने वितळविली गेली आणि आज पुनरुज्जीवनातील मोठी अडचण हीच ठरते.

चारही चाकांची चाल

जीपचे वैशिष्ट्य तिच्या ट्रान्सफर केसमध्ये आहे. गिअर बॉक्सच्या मागे बसविलेली ही पेटी इंजिनाची शक्ती पुढील व मागील दोन्ही आसांकडे वाटते. वळण घेताना पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. मऊ मातीत चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसे होत नाही आणि सर्व ताण गिअर व शाफ्टवर येतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर पुढील आस जोडू नये, हा नियम प्रत्येक नव्या मालकाने लक्षात ठेवावा.

ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागणे ही जुन्या जीपची परिचित तक्रार. तिचे मूळ बहुधा किंग पिनची बेअरिंगे, स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे किंवा बेल क्रँक यांच्या ढिलेपणात असते. केवळ टायर बदलून हा दोष जात नाही. २६ जुलै २००५ च्या महापुराने कल्याण-बदलापूर परिसराला आणखी एक धडा शिकविला. चाकांच्या तुंब्यापर्यंत पाणी चढले की आसातील तेलात पाणी शिरते. तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास ते तत्काळ बदलले पाहिजे.

सुरक्षिततेची चार सूत्रे

पहिले सूत्र ब्रेकचे. जुन्या जीपला चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर असतो. कोठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून सर्व नळ्या, रबरी होज आणि व्हील सिलिंडर यांचे काम एकाच वेळी करावे.

दुसरे सूत्र धुळीचे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ हवेच्या झोताने उडविणे कारागिराच्या फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ती पिशवीत बंद करावी.

तिसरे सूत्र टाकीचे. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. अशा टाकीला वेल्डिंग लावणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण होय. हे काम पूर्ण शुद्धीकरणानंतर जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रतीच्या रबराला मऊ करते. त्यामुळे इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा व कार्बोरेटरची पॅकिंगे इथेनॉलला टिकणाऱ्या द्रव्याची घ्यावीत.

चौथे सूत्र विजेचे. युद्धकाळातील जीपची वीजयोजना ६ व्होल्टची आहे. दाब निम्मा असल्याने तेवढ्याच कामासाठी दुप्पट प्रवाह लागतो. त्यासाठी तारा जाड हव्यात आणि अर्थिंगचे सांधे घासून स्वच्छ असावेत. ‘बॅटरी कमजोर आहे’ ही तक्रार पुष्कळदा गंजलेल्या सांध्याचीच असते.

कायदा काय सांगतो?

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या व्याख्येत येतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्याची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. पुनर्नोंदणीस ५,००० रुपये पडतात. नव्या नोंदणीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखता येतो. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी ते चालविता येत नाही.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज अन्य कोणत्याही वाहनास ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लष्करी जीप म्हटली की हाच रंग डोळ्यांपुढे येतो आणि हौशी मालक सर्वप्रथम तोच लावतो. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ठाणे किंवा कल्याण येथील परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि मान्य रंगाची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात मनाजोगते बदल करण्यासही प्रतिबंध आहे. चासी कापणे किंवा परवानगीविना दुसरे इंजिन बसविणे यांमुळे व्हिंटेज दर्जा तर जातोच, शिवाय कारवाईसही सामोरे जावे लागते.

हातातील विद्या

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. डोंबिवली व अंबरनाथ येथेही उद्योग वाढले. अंबरनाथला १९५३ पासून संरक्षण उत्पादनही होत आहे. या कारखान्यांच्या आश्रयाने क्रँक घासणारे, बोअर करणारे, गिअर कापणारे लहान वर्कशॉप उभे राहिले. जीपचा न मिळणारा बुश लेथवर हुबेहूब घडविणारा कातारी याच परिसरात तयार झाला. आज वागळे इस्टेटमधील अनेक कारखान्यांच्या जागी संगणकीय व्यवसायांची कार्यालये आली आहेत. काळाची गती थांबविता येत नाही. पण कानाने गिअरचा आवाज ओळखणारा मिस्त्री निवृत्त झाला की त्याची विद्या कोणत्याही पुस्तकात मागे राहत नाही.

ठाणे, अंबरनाथ येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून दरवर्षी जोडारी, कातारी, संधाता आणि मोटार मेकॅनिक बाहेर पडतात. जुनी जीप दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक मालकाने अशा एखाद्या तरुणास मिस्त्रीच्या हाताखाली उभे केले आणि केलेल्या कामाची मापे, छायाचित्रे व नोंदी एका वहीत जपल्या, तर एका वाहनाबरोबर एक विद्याही वाचेल. नवा भाग पैशाने विकत मिळतो. जुना भाग दुरुस्त करण्याची दृष्टी मात्र हातातून हातातच द्यावी लागते.