वाळूचं देणं

काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ टाइप करून एंटर दाबणारी पिढी आता चाळिशी ओलांडून गेली. जमिनीतून खस्सकन वर येणारे सुळे आणि राजकन्येला सोडवायला मिळालेला जेमतेम एक तास अजून कुणी विसरलेलं नसेल. जॉर्डन मेकनर यांनी १९८९मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ॲपल टू संगणकासाठी केला. त्यासाठी त्यांनी सख्ख्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून चित्रीकरण केलं आणि त्यावरून आकृत्या गिरवल्या. तो पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र इतका खरा धडपडायचा, तो म्हणूनच.

२००३मध्ये युबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने त्याला नवा जन्म दिला, ‘द सँड्स ऑफ टाइम’मध्ये. कथा मेकनर यांचीच, आणि तिची सुरुवात चक्क हिंदुस्थानात. बापाच्या सैन्याबरोबर राजपुत्र एका महाराजाचा राजवाडा लुटतो आणि तिथला खंजीर पळवतो. पुढे वजिराच्या नादाने काळाची वाळू मोकळी सुटते, माणसांचे राक्षस होतात. मग त्याच महाराजाच्या लेकीला, फराहला, सोबत घेऊन हा केलेलं निस्तरत फिरतो. खंजिराची कळ दाबली की काळ मागे सरकतो, चुकलेली उडी पुन्हा मारता येते. आपण मेलो, तर गोष्ट सांगणारा राजपुत्रच म्हणणार, छे, असं नव्हतं झालं! शेवटी तो सगळाच काळ उलटा फिरवतो. कुणी मेलेलं नाही, काही घडलेलं नाही. पण फराहलाही मग काही आठवत नाही. प्रेम एकट्याच्या डोक्यात उरतं. पुढच्या भागातला काळोख मला तरी इथेच सुरू झालेला दिसतो.

पहिल्या भागाचं कौतुक भरपूर झालं. तक्रार होती ती लढाईच्या तोचतोचपणाची. २००४च्या अखेरीस ‘वॉरियर विदिन’ आला तो दोन्ही हातांत शस्त्रं घेऊन. सात वर्षांनी भेटणारा राजपुत्र दाढी वाढवलेला, शिवराळ. आवाज बदललेला, पार्श्वभूमीला गॉडस्मॅक या अमेरिकी बँडचं कर्कश रॉक, मुंडकी उडताहेत, आणि बायकांच्या अंगावर कापड बेताचंच. अमेरिकेत पहिला भाग तेरा वर्षांवरच्यांसाठी होता, हा सतरावरच्यांसाठी ठरला. मेकनर या भागात नव्हते. कलादृष्टी आणि हिंसा आपल्याला रुचली नाही, असं त्यांनी नंतर उघड सांगितलं. कपडे आणि गाण्यांपुरतं त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. या राजपुत्राचा राग कॉलेजच्या गेटवर उगाच बाह्या सरसावणाऱ्या पोरासारखा आहे.

पण दहाका?

काळाची वाळू मोकळी सोडणाऱ्याने मरायलाच हवं, आणि ते घडवायला हा शिंगं असलेला काळा रक्षक मागे लागलेला. नाव अवेस्तातल्या ‘अझी दहाक’ या सर्पराक्षसावरून. ‘अझी’ म्हणजे आपला संस्कृत ‘अही’, साप. तो आला की पडद्यावरचे रंग विटतात. बहुतेकदा लढायची सोय नाही, नुसतं पळत सुटायचं. पाणी तेवढं त्याला ओलांडता येत नाही, म्हणून धबधब्याच्या पडद्याआड शिरलो की जीव भांड्यात पडतो. पहिल्या भागातली ती सोयीची कळ आता कर्जाऊ ठरते, आणि वसुलीला हा आलेला असतो.

खेळाच्या मध्यात एक विद्रूप सावली आपल्या वाटेत दिसत राहते आणि दहाका तिला धरून नेतो. बरेच तास खेळल्यावर एक मुखवटा चढवायची वेळ येते तेव्हा कळतं, ती सावली आपणच होतो. आता तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने जगायचा, आणि या खेपेला दहाकाच्या तावडीत आपल्याऐवजी आपलंच आधीचं रूप जाईल असं बघायचं. एवढं काळंकुट्ट कथानक रचणाऱ्यांना शिव्यांची गरज का भासावी, कळत नाही.

२००५च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये जुना आवाज परतला. दुसऱ्या भागातला उर्मटपणा मात्र टाकून न देता त्याच शरीरात वेगळा काढून ठेवला: ‘डार्क प्रिन्स’, एका हाताला साखळीचं पातं, तोंडात सतत टोमणे. तो अवतार चढला की आयुष्य झरझर घटत जातं, वाळू मिळवत राहावी लागते. आणि त्यातून माणसात यायचं तर पाण्यात पाय घालावा लागतो.