जामिनाचा हुकूम आणि सुटकेची तारीख

पोलीस ठाणे, न्यायालय, सरकारी वकील, विधी सेवा प्राधिकरण आणि कारागृह यांची मिळून फौजदारी न्यायव्यवस्था बनते. कायद्यातील तरतूद या साऱ्यांच्या हातांतून जाताना सामान्य माणसाच्या वाट्याला कोणत्या रूपात येते, हे नोंदी आणि प्रत्यक्ष चौकशी यांच्या आधारे तपासून शासनाला व न्यायालयांना योग्य बदल सुचवणे, हे धोरण विश्लेषकाचे काम होय. वकील एका अशिलाची बाजू मांडतो आणि न्यायाधीश समोरच्या एका प्रकरणाचा निवाडा करतो. एकच अडचण शेकडो प्रकरणांत पुन्हा पुन्हा का उभी राहते, हा प्रश्न मात्र बहुधा कोणाच्याच टेबलावर येत नाही आणि विश्लेषकाचे काम नेमके तेथे सुरू होते.

या कामाची निकड कारागृहांच्या आकडेवारीतून स्पष्ट होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतील तीन, न्यायाधीन बंदी होते. ज्याच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही आणि ज्याचा तपास किंवा खटला चालू आहे, अशा बंद्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. बोलीभाषेत त्यालाच कच्चा कैदी म्हटले जाते. यांतील काहींना जामीन नाकारलेला असतो, काहींनी अर्जच केलेला नसतो आणि काही जण जामीन मंजूर होऊनही आतच राहतात. हा तिसरा गट सर्वांत सहज नजरेआड होतो, कारण न्यायालयाच्या दप्तरी त्याचा अर्ज निकाली निघालेला असतो.

नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कुही तालुक्याचा विचार केल्यास ही अडचण नीट उलगडते. पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, अशा प्रकारचा हुकूम न्यायालयांत नेहमीचा आहे. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, आणि जामीनदार म्हणजे आरोपी तारखेला हजर राहिला नाही तर ती रक्कम भरण्याची जबाबदारी घेणारी दुसरी व्यक्ती. अशा जामीनदाराकडे सामान्यतः सातबारा उतारा किंवा घराच्या कराची पावती, ओळखपत्र, रेशनकार्ड आणि प्रसंगी तहसील कार्यालयातून मिळणारा ऐपतीचा दाखला मागितला जातो. धान किंवा मिरचीच्या शेतात रोजंदारी करणाऱ्या कुटुंबाला हे कागद जमवण्यासाठी तलाठी, तहसील आणि न्यायालय अशा चकरा माराव्या लागतात, प्रत्येक चकरेला मजुरी बुडते, आणि एवढे करूनही सातबारा असलेला कोणी नातेवाईक जोखीम घ्यायला तयार होईलच असे नाही.

या तालुक्यात आणखी एक पदर मिसळतो. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले आणि त्याच्या बुडीत क्षेत्रात कुही तालुक्यातील गावे व शेतजमिनी गेल्या. जमीन गेली म्हणजे पिकाबरोबर पत देणारा सातबाराही गेला, आणि पुनर्वसित वस्तीतील शेजारीही त्याच स्थितीत असल्यास जामीनदार आणायचा कोठून, हा प्रश्न उरतो. जामिनाची अट सर्वांना सारखीच लिहिलेली असली तरी ती पेलण्याची ताकद मालमत्तेवर ठरते. धरणाचे पुनर्वसन आणि जामिनाची अट या दोन वेगळ्या खात्यांच्या बाबी एकाच कुटुंबाच्या दारात कशा एकत्र येतात, हे दाखवून देणे हा विश्लेषणाचा गाभा आहे.

न्यायालयांनी हा अन्याय पूर्वीच ओळखला होता. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गरीब गवंड्याकडून दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याच्या कारणावरून त्याची हमी नाकारण्यात आली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कठोर टीका करून त्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या हमीवर सोडण्याचा आदेश दिला. तत्त्व इतके स्पष्ट झाल्यानंतरही चार दशके परिस्थिती फारशी पालटली नाही, कारण जामीन मंजूर होऊनही किती जण आत आहेत, याचा हिशेब नियमितपणे कोणी ठेवत नव्हते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तपशील मागितला, तेव्हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने अशा सुमारे ५,००० बंद्यांची माहिती दिली. त्यांपैकी २,३५७ जणांना कायदेशीर मदत मिळाली आणि १,४१७ जणांची सुटका झाली. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने निर्देश दिले: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहाकडे जावी, कारागृह अधीक्षकांनी मंजुरीची तारीख ई-प्रिझन्स या संगणक प्रणालीत नोंदवावी, सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. शिवाय २०२३ मध्येच केंद्रीय गृह मंत्रालयाने गरीब बंद्यांसाठी योजना आणली, तीत तेव्हा न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती.

यानंतर विश्लेषकाचे काम संपत नाही, उलट ते अधिक नेमके होते. त्याच्या तक्त्यात प्रत्येक बंद्यासमोर तीन तारखा हव्यात: अटकेची, जामीन मंजूर झाल्याची आणि सुटकेची. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेतील अंतर दहा दिवस असेल तर आदेशाची प्रत वेळेवर पोहोचली का हे पाहावे लागते, आणि चार महिने असेल तर अट बदलण्याचा अर्ज झाला होता का, हे विचारावे लागते. वकील न मिळणे, कुटुंबाशी संपर्क नसणे आणि जामीनदार न मिळणे या तीन कारणांवरील उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून कारणाचा रकाना कोरा ठेवून केलेली शिफारस निरुपयोगी ठरते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ याच दृष्टीने वाचले पाहिजे. पूर्वी दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास त्याला बंधपत्रावर सोडावे, असे हे कलम सांगते; तीन वर्षे कमाल शिक्षेच्या चोरीच्या आरोपात ही मुदत एक वर्षाची होते. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे, ही जमेची बाजू. परंतु फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे कलम लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेल्यांनाही लाभ मिळत नाही. एकाच प्रसंगातून अनेक गुन्हे नोंदवले जाणाऱ्या गरिबांची वाट त्यामुळे अडते.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील तत्कालीन ‘प्रोजेक्ट ३९ए’ या केंद्राने नागपूर व येरवडा मध्यवर्ती कारागृहांत वकील आणि समाजकार्यकर्ते यांना एकत्र आणून न्यायाधीन बंद्यांना मदत करण्याचा उपक्रम उभारला. वकिलाला कायदा कळतो, पण कुहीसारख्या तालुक्यातील गावात जाऊन भावाला शोधून काढण्याचे काम समाजकार्यकर्ता करतो. धोरणासाठी लागणारी खरी माहिती या दोघांच्या संयुक्त नोंदींतून हाती येते. म्हणूनच या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाला कायद्याचे ज्ञान, संख्याशास्त्र आणि तहसील कार्यालयाचे व्यवहार या तिन्हींची ओळख हवी.

जामिनावर सुटलेल्या आरोपीवरील खटला चालूच राहतो आणि फिर्यादीचा न्याय मागण्याचा हक्क तसाच शाबूत राहतो. दोष सिद्ध झाला तर शिक्षाही होते. न्यायालयाने सोडण्याचा निर्णय दिल्यानंतरही केवळ गरिबीमुळे काढावा लागलेला तुरुंगवास मात्र कोणत्याही कायद्याने ठोठावलेला नसतो. नागपूर जिल्ह्यातील प्रत्येक न्यायाधीन बंद्याच्या अटक, जामीन आणि सुटका या तीन तारखा न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीच्या प्रत्येक बैठकीत तालुकानिहाय मांडल्या गेल्या आणि विलंबाचे कारण लेखी नोंदवले गेले, तर त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. माहिती हाती आहे, अधिकारही आहेत. त्या माहितीचा पाठपुरावा करणारी माणसे या व्यवस्थेत नेमणे, हीच आजची सर्वांत निकडीची सुधारणा आहे.