'समुपदेशन': एका संज्ञेचा विचार

मुलांच्या व तरुणांच्या मानसिक अडचणींसंबंधी मराठीत जी संज्ञा रूढ झाली आहे ती 'समुपदेशन' ही होय. हिंदीत तिच्या जागी 'परामर्श' येतो, कन्नडात 'आप्तसमालोचने'. तिन्ही शब्द संस्कृत धातूंवर उभे आहेत. त्यांतून सूचित होणारे नाते मात्र एक नाही. 'परामर्शा'च्या मुळाशी 'मृश्' आहे, म्हणजे स्पर्श करणे, चाचपणे. 'समालोचने'त पाहणे आहे, आणि त्यास 'आप्त' जोडून कन्नडाने जवळीकही नोंदविली आहे. मराठी शब्दात 'दिश्' आहे: दाखविणे, वाट सांगणे. सांगणारा जाणता व ऐकणारा अजाण ही विभागणी शब्दातच होऊन जाते.

प्रत्यक्ष व्यवहार नेमका उलट असतो. तेथे आधी मूल बोलते. त्याने सांगितलेले गुप्त राहील, आणि त्याच्या जिवाला धोका असल्यास ते गुप्त ठेवता येणार नाही, या दोन्ही गोष्टी त्यास आरंभीच सांगावयाच्या असतात. लहान मुलाला शब्द सापडत नसतील तर चित्रे व खेळणी पुढे ठेवली जातात. असे असता वर्गातील चुकार मुलास 'समुपदेशकांकडे जा' म्हटले की त्यास ती शिक्षा वाटते; त्याच्या कानी पडतो तो उपदेशच. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा असा निर्देश दिला. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ कोशकारांचा राहिलेला नाही.

अर्थात मराठीतील उपदेशाची परंपरा समजली जाते तितकी एकमार्गी नाही. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) संस्कारकथा म्हणून वाचली जाते, व त्यामुळे तिच्यातील एक क्रम नजरेआड होतो. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये असा हट्ट श्याम धरतो. आई त्यास दटावीत नाही. धोंड्यावर आपले लुगडे पसरते, तो त्यावर पाय टेकवितो, आणि मगच ती मनाच्या स्वच्छतेविषयी बोलते. मुलाचे म्हणणे आधी मान्य झाले आहे. हे काढून टाकले तर उरते ते सुभाषित. शालेय पाठांत बहुधा तेवढेच उरते, हे खेदाने म्हणावे लागते.

प्रश्नास अग्रस्थान देणारे दुसरे उदाहरण र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे. १९२७ मध्ये निघालेल्या या मासिकात वाचकांनी घरी कोणास विचारता न येणाऱ्या लैंगिक शंका विचाराव्यात व संपादकाने त्यांना नीतिपाठ न देता उत्तरे द्यावीत, अशी रीत होती. अशाच उत्तरांबद्दल १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांना दंड झाला; मासिक मात्र त्यांच्या निधनाच्या वर्षापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, निघत राहिले.